सेन्सर बाहेर न काढताच झालेली ‘सर्व्हिसिंग’

कारखान्यातील कॉम्प्रेसरच्या हवेच्या मुख्य वाहिनीवर बसवलेल्या थर्मल मास फ्लो मीटरची तपासणी आणि सफाई आम्ही बाहेरच्या एका एजन्सीकडे सोपवली होती. काम पूर्ण झाल्याच्या रिपोर्टवर सही माझीच होती. सेन्सर मात्र जागेवरून हललासुद्धा नव्हता, हे कळायला मला साडेतीन महिने लागले.

या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी पातळ धातूच्या आवरणात प्लॅटिनमचे दोन घटक असतात. एक वायूचे तापमान मोजतो, दुसरा त्याहून ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो, आणि तो तसा ठेवण्यासाठी किती वीज लागते यावरून वस्तुमान प्रवाह, म्हणजे ठरावीक वेळात किती वस्तुमानाची हवा गेली ते, काढले जाते. त्यामुळे टोकावर तेल आणि धूळ साचली की उष्णता वायूकडे कमी जाते, वीज कमी लागते आणि मीटर कमी दाखवू लागतो. कॉम्प्रेसर पूर्वीइतकेच तास चालत असूनही आमचा आकडा हळूहळू उतरत चालला होता, म्हणून एजन्सीला बोलावले.

तंत्रज्ञ भरदिवसा आला, लाइन बंद करण्याची गरज नाही म्हणाला आणि दीड तास मीटरपाशी एकटाच होता. मी दुसऱ्या कामात होतो. परत आलो तेव्हा आकडा अगदी अपेक्षेइतका दिसत होता, मीटरवर नवे स्टिकर लागले होते आणि हातात कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटर प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याचे, प्रमाणपत्र पडले. एवढे पाहून कुणाचेही समाधान झाले असते, माझेही झाले.

पुढच्याच आठवड्यात रात्रपाळीचा प्रवाह वाढलेला दिसू लागला. उत्पादन बंद असताना वाहणारी हवा म्हणजे गळती, असा आमचा साधा हिशेब असल्यामुळे आठवडाभर साबणाचे पाणी घेऊन आम्ही एकेक जोड तपासत फिरलो. नवी गळती कुठेच सापडली नाही. तेव्हाही मीटरवर शंका घ्यायचे मला सुचले नाही, कारण त्याची ‘नुकतीच सर्व्हिसिंग’ झाली होती.

पुढे नियोजित बंदच्या दिवशी वाहिनीतील दाब पूर्ण उतरवून सेन्सर काढायला गेलो. (दाब असताना असा दांडा सैल करू नये, तो सुटून अंगावर येऊ शकतो.) नट सैल करण्याआधी माझा हात थांबला. मीटर बसवताना नट आणि फिटिंग या दोन्हींवर मिळून आम्ही पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली होती. ती जशीच्या तशी सलग होती आणि तिच्यावर धूळही बसली होती. दांडा बाहेर आला तेव्हा टोकावर तपकिरी, चिकट थर होता, नखाने ओढल्यावर निघेल इतका.

मग ट्रान्समीटरमधील, म्हणजे मीटरच्या आकडा दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातील, नोंदी उघडल्या. मोजलेल्या प्रवाहाला ज्या संख्येने गुणून आकडा दाखवला जातो तो, बसवतेवेळी 1.00 असलेला गुणक 1.14 केलेला होता. त्या दिवशीच्या प्रवाहाला आकडा जुळेल एवढाच तो फिरवला होता. थरामुळे येणारी चूक सगळीकडे सारख्या टक्क्यांची नसते. वेग जास्त असताना ती अधिक आणि वेग कमी असताना कमी असते. म्हणून दिवसा बरोबर वाटणारा मीटर रात्रीच्या थोड्या प्रवाहाला जास्त दाखवत होता. आमची ‘गळती’ ती हीच.

यानंतर कागद पुन्हा वाचले, आणि वाचताना स्वतःचाच राग आला. सर्व्हिस रिपोर्टमध्ये तापमान मोजणाऱ्या पीटी-100 घटकाचा रोध नेमका 100.0 ओहम लिहिला होता. हा रोध शून्य अंश सेल्सिअसला असतो. 30 अंशाला तो सुमारे 111.7 ओहम भरतो. म्हणजे तंत्रज्ञाने सेन्सर बर्फात बुडवून मोजला असावा किंवा मोजलाच नसावा. प्रमाणपत्रात 23 अंश तापमानाच्या प्रयोगशाळेत पाच बिंदूंवर तपासणी झाल्याचे म्हटले होते, पण मीटरने आमचे आवार कधी सोडलेच नव्हते. सफाईपूर्वीची आणि नंतरची चूक पाचही ठिकाणी दशांशापर्यंत सारखी होती, आणि मापनाच्या अनिश्चिततेचा रकाना कोरा होता.

एजन्सीला विचारले तेव्हा ‘गुणक बदलणे हा देखभालीचाच भाग आहे’ असे उत्तर आले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. थर आम्ही मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला, पॉलिश पेपर टोकाला लागू दिला नाही, गुणक 1.00 वर आणला आणि मीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला.

आता बाहेरचे कुणीही आले तरी काम सुरू होण्याआधी ट्रान्समीटरमधील सर्व सेटिंग्जची नोंद मी स्वतः उतरवून घेतो, काम संपल्यावर ती पुन्हा ताडून पाहतो, आणि दांडा माझ्यासमोरच बाहेर निघतो. नटावरची पिवळी रेघ मोडलेली पाहिल्याशिवाय सही होत नाही. नवी रेघ ओढून शेजारी तारीख घालण्याचे काम मी दुसऱ्या कुणाकडे देत नाही.