जिप्सी दोन इंच उचलली, टायर मोठे घातले : नऊ महिन्यांनंतर

गाडी २००७ची जिप्सी, पेट्रोल, एमपीएफआय, एमएच ११. एप्रिलात ती दोन इंच उचलून घेतली आणि २०५/७० आर १५ चे टायर काढून २३५/७५ आर १५ घातले. राहायला साताऱ्यात, शेत बामणोलीच्या अंगाला, म्हणजे यवतेश्वरचा घाट आठवड्यातून चार वेळा तरी होतोच. एक अख्खा पावसाळा काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी माझाच एक गैरसमज. गाडी उचलली की खालची जागा वाढते, असं मी धरून चाललो होतो. वाढते, पण चॅसीखाली. डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचं घर, ॲक्सलवर असतो आणि ॲक्सल चाकांवर. कमानींना, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांना, कितीही बाक द्या, गोळा तसूभर वर येत नाही, त्याला वर नेतो फक्त टायर. जुना टायर ६६८ मिलिमीटर व्यासाचा, नवा ७३३ च्या आसपास. त्याच्या निम्मं धरा, गोळ्याखाली मिळाले सव्वातीन सेंटीमीटर. दोन इंचांचा मुख्य उपयोग काय, तर मोठं चाक मडगार्डला घासू नये.

काम कसं करून घेतलं तेही सांगतो. जिप्सीच्या कमानी मुळात ॲक्सलच्या खालून असतात. त्या वर घेतल्या की गाडी एका दमात चार-पाच इंच उठते, फोटोत झकास दिसते, पण प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे जोर नेणारा फिरता दांडा) आणि स्टेअरिंगचे कोन पार बदलतात. ते नको म्हटलं. नुसते लांब शॅकल (कमानीचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावणं सगळ्यात स्वस्त, पण शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी जेमतेम एक इंच उठते, शिवाय पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक सरळ धरून ठेवणारा मागचा कल, कमी होऊन गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते. म्हणून कराडला कमानवाल्याकडे चारही कमानींना नवा बाक दिला, एकेक पाटा वाढवला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले, शॉकअप लांब घेतले. चाकाची मूळ डिस्क, म्हणजे रिम, २३५ ला अरुंद पडते, त्यामुळे डिस्कही ७ इंची. स्टेपनी धरून सगळं पंच्याऐंशी हजाराच्या घरात गेलं.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती जुलैत कळली. शेताच्या वाटेवर पुढचं डावं चाक चरीत लोंबकळलं. खाली वाकून पाहिलं तर ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणलेला. शॉकअप लांब घातले, म्हणजे चाक आता जास्त खाली जाणार, एवढा विचार गॅरेजवाल्यानं करायला हवा होता. मीही विचारलं नव्हतं. तो पाइप तुटला असता आणि पुढे घाटाचा उतार असता तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही. गाडी उचलणार असाल तर चाक हवेत लोंबकळत ठेवून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता इंजिनाचं. १.३ लिटर, ८० हॉर्सपॉवर, आणि १०३ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढ, येतो ४५०० आरपीएमला, इंजिन जोरात फिरल्यावरच. खालून ओढणारी ही गाडी कधीच नव्हती, त्यात चाक दहा टक्क्यांनी मोठं झालं. यवतेश्वरला जिथं तिसऱ्या गिअरात निवांत जायचो तिथं आता दुसरा पडतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ला असते. ॲव्हरेज साडेअकरावरून नवावर आलं म्हणून आधी हबकलो होतो. मग लक्षात आलं, किलोमीटरही कमीच मोजले जातायत. खरा आकडा दहाच्या जवळ आहे.

चिखलात मात्र पैसे वसूल. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. आधी गोळा त्यावर नांगरासारखा चालायचा, दर पावसाळ्यात दोनदा तरी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागे. यंदा एकदाही नाही. पुढच्या चाकांचे हब लॉक करायचे म्हणजे त्यांनाही जोर मिळतो, फोर व्हीलचा लो टाकायचा, दुसरा गिअर, आणि पायाची गडबड करायची नाही.

चाळकेवाडीला वारा आडवा लागला की गाडी डुलते. पवनचक्क्या तिथं उगीच नाही उभ्या केल्या! वळणावरही झुकते, घाईच्या माणसाचं हे काम नाही.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. दंड होऊ शकतो, विम्याचा दावा अडू शकतो. माझ्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण २०२२ ला झालं, पुढचं २०२७ ला. जुन्या कमानी आणि चाकं माळ्यावर जपून ठेवलीत. तो बसवण्या-काढण्याचा खर्चही धरा.

आज पुन्हा करायचं तर २१५/७५ वर थांबेन. गोळ्याखाली दीड सेंटीमीटर कमी मिळेल, करंगळीच्या जाडीएवढं. पण मीटरची चूक पाच टक्क्यांवर येईल आणि यवतेश्वरला तिसरा परत मिळेल.

राहिलं ते जॅकचं. ऑगस्टात चाळकेवाडीच्या धुक्यात पंक्चर झालं. कंपनीचा जॅक शेवटपर्यंत फिरवला तरी चाक चिखलाला चिकटलेलंच. गाडीत आईसाठी लाकडी पाट ठेवलेला असतो, कारण आता त्यावर पाय दिल्याशिवाय तिला चढता येत नाही. तोच जॅकखाली सरकवला आणि काम झालं. घरी आल्यावर पाट धुतला, पण मधोमध जॅकचा गोल खड्डा पडला होता. आईनं तो पाहिला, काही बोलली नाही. गणपतीत मामाकडे निघालो तेव्हा घरातून दुसरा पाट घेऊन आली, आणि तो तिच्या पायाशी असतो, मागे नाही.