दोन-तीन हजारांतलं स्मार्टवॉच: दुकानात पास, लोकलमध्ये नापास

दुकानाच्या एसीत हे घड्याळ झकास चालतं. बोट कोरडं, दुसरा हात मोकळा. खरी परीक्षा दादरला फास्ट लोकल पकडल्यावर. एक हात वरच्या कडीला, दुसरा बॅगेवर. स्क्रीनला लावायला बोटच उरत नाही. त्यात मनगट उचललं की स्क्रीन उजळते म्हणावं, तर कडीला धरलेला हात आधीच वर! सेन्सरला हालचाल मिळत नाही, स्क्रीन काळीच राहते. ऑलवेज-ऑन डिस्प्ले, म्हणजे कायम चालू राहणारी स्क्रीन, असेल तर वेळ तरी दिसते, पण बॅटरी भराभर उतरते.

सर्वांत जास्त निराशा मराठी मेसेजांत. बॉक्सवर 'हिंदी सपोर्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे देवनागरी फॉन्ट आहे इतकंच. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर, पण दिसायला हवी अक्षराआधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. ही मांडणी करणारं सॉफ्टवेअर घड्याळात नसलं की 'वर्षा'चं 'वर्‌षा' होतं आणि 'स्थिती'तली वेलांटी भलतीकडे जाते. पैसे देण्याआधी घड्याळ आपल्या फोनला जोडा आणि दुसऱ्या फोनवरून हे दोन शब्द व्हॉट्सअ‍ॅप करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका.

पावसाळ्यात टच स्क्रीनला थेंब आणि बोट यांतला फरक नीट कळत नाही. थेंबानेच फोन उचलला जातो, नाहीतर कटतो. म्हणून वॉटर लॉक, म्हणजे टच तात्पुरता बंद करणारी सोय, हवा आणि तो बाजूच्या दाबायच्या बटणाने लागायला हवा. लॉक मेनूत चार स्वाइप आत असेल तर भर पावसात त्याचा उपयोग शून्य. आयपी६८ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, पण त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते. जुहूच्या लाटांत भिजलं तर घरी येऊन नळाखाली धुवा.

हृदयाचे ठोके हिरव्या प्रकाशाने मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो, घड्याळ हलतं आणि आकडा उड्या मारतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घड्याळ सरकणार नाही इतपत घट्ट बांधा. लोकलच्या डब्याच्या हादऱ्यांनी वाढलेली पावलं मोजू नका.

पट्टा २० किंवा २२ मिमीचा, खिटी ओढून निघणारा घ्या, म्हणजे कुठलाही बदलता येतो. कापडी नको, जुलैत वाळत नाही. भोकांचा सिलिकॉन बरा. रोज रात्री काढून पुसा, नाहीतर घामाने पुरळ उठतं.