साइड प्लेनर बोर्डांची जोडी: कोल्हापूरच्या धरणांत कोणत्या मोसमात कशी चालते

होडीमागं दोन रॉड लावून ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या होडीमागं आमिष ओढत मासे धरताना, सगळ्यांची अडचण एकच असते. ज्या पाण्यावरून होडी गेली, त्याच पाण्यातून ल्युअर, म्हणजे नकली आमिष, येतो. दिवाळीच्या आसपास धरणाचं पाणी निवळलं, की काठालगतच्या दीड-दोन मीटर पाण्यातला मासा मोटरच्या घरघरीनं आणि होडीच्या सावलीनं केव्हाच बाजूला झालेला असतो. मागून येणारा ल्युअर रिकाम्या पाण्यात फिरतो. प्लेनर बोर्ड हा ल्युअर होडीपासून आडवा पंधरा ते पंचवीस मीटर लांब नेतो. म्हणजे होडी खोल पाण्यात आणि ल्युअर काठाच्या झुडपांशेजारी.

आधी निकाल सांगतो: घ्या. पण तंगुसावर अडकणारी छोटी जोडीच घ्या आणि पैसे बोर्डाच्या रंगासाठी नाही, तंगूस धरून ठेवणाऱ्या चिमट्यासाठी मोजा. बोर्ड हा शेवटी तिरपा कापलेला एक तरंगता तुकडा आहे. काम चिमटा करतो आणि बिघडतंही तोच.

या प्रकारात सर्वांत ओळखीचा ऑफ शोअर टॅकलचा ओआर-12. डावा वेगळा, उजवा वेगळा. पुढच्या दांडीला नारिंगी चिमटा आणि शेपटीला मधे खिळी असलेला लाल चिमटा. दुसऱ्या काही कंपन्यांचे बोर्ड उलटवून दोन्ही बाजूंना चालवता येतात. तिसरा प्रकार म्हणजे होडीवर उभा खांब रोवून जाड दोरीनं ओढायचे मोठे जोडबोर्ड. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या समुद्राएवढ्या तळ्यांत एका बाजूला तीन-चार रॉड लावायचे असतात, तिथं ते शोभतात. आपल्या पत्र्याच्या किंवा फायबरच्या छोट्या होडीला तो खांब जड होतो आणि होडी कलते. तो विचार सोडून द्या.

काम कसं होतं ते पतंगावरून कळेल. बोर्डाचं नाक तिरपं कापलेलं असतं आणि तो उतार होडीकडं तोंड करून असतो. पुढं जाताना पाणी त्या उतारावर आपटतं आणि बोर्डाला बाहेर ढकलतं. तंगूस त्याला आत ओढतो. दोन्ही ओढींचा तोल जिथं बसतो, तिथं बोर्ड समांतर चालतो. डावा बोर्ड चुकून उजवीकडं टाकला तर तो बाहेर न जाता होडीच्या मागच्या फेसात शिरतो आणि दुसऱ्या रॉडचा तंगूस गुंडाळतो. पहाटेच्या अंधारात ही चूक हमखास होते, म्हणून वरच्या कडेला ठळक 'डा' आणि 'उ' लिहून ठेवा.

आता चिमटा. तो उघडून जवळून बघा. आत रबराच्या दोन गाद्या असतात, त्यांच्यात तंगूस दाबला जातो. तंगूस गादीच्या टोकाशी नाही, मधोमध आणि खोल बसवायचा. टोकाशी बसवला, की बोर्ड पाण्यात टाकताच पहिल्या हिसक्याला सुटतो. गादीवर गाळाचा पातळ थर बसला तरी पकड निम्मी होते, त्यामुळे दर फेरीला बोटानं पुसून घ्यावा. उन्हात होडीच्या फळीवर पडून राहिलेल्या बोर्डाच्या गाद्या कडक होऊन चकाकायला लागतात. असं दिसलं की गाद्या बदलायच्या. काही चिमट्यांची स्प्रिंग पुढं-मागं सरकवून पकड कमी-जास्त करता येते, ती सोय असलेला चिमटा घेतलेला बरा. शेपटीच्या चिमट्यात तंगूस खिळीच्या मागून घ्यावा. मग गाद्या उघडल्या तरी बोर्ड तंगुसावरच राहतो, पाण्यात हरवत नाही.

इथं बहुतेकांच्या रिळावर ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, भरलेली असते आणि ब्रेड गादीत घसरते. ती बारीक, गुळगुळीत आणि न ताणणारी. उपाय दोन. ब्रेडचा छोटा फास करून त्याला पाच-सहा पीळ द्यायचे आणि तो पिळलेला भाग चिमट्यात धरायचा. हा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय म्हणजे ब्रेडच्या पुढं 0.40 मिलिमीटरचा साधा तंगूस 70 मीटर जोडणं. ल्युअरपासून बोर्डापर्यंत 30 मीटर, बोर्डापासून होडीपर्यंत 25 मीटर, म्हणजे चिमट्यात नेहमी तंगूसच येतो. शिवाय तो ताणतो, त्यामुळे महशीरचा पहिला दणका गळावर थेट बसत नाही. तोंड फाटून मासा सुटण्याचं प्रमाण त्यानंच कमी होतं.

बोर्ड सोडायची रीत ठरलेली आहे आणि घाई केली की गुंता ठरलेला. होडी चालू ठेवा. ल्युअर होडीशेजारी पाण्यात धरून सरळ पोहतोय ना ते पाहा. वाकडा पोहणारा ल्युअर बोर्डालाही वाकडं ओढतो. मग ठरलेलं अंतर सोडा, पुढचा चिमटा लावा, मागचा खिळीसह लावा आणि बोर्ड नाक पुढं करून पाण्यात ठेवा. फेकू नका. रिळावर अंगठा ठेवून हळूहळू तंगूस द्या. एकदम सोडलात तर बोर्ड थांबतो, मागं राहतो आणि आडवा पडतो. हव्या अंतरावर रीळ लॉक करा, रॉड उभा खोचा. तंगूस पाण्याला कमीत कमी टेकला पाहिजे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ आली की तंगूस सुटू देणारा ब्रेक, इतकाच घट्ट, की बोर्डाची ओढ सहन व्हावी आणि मासा लागला की रीळ वाजावं.

मोसम बदलला की बोर्ड तोच राहतो, बदलतात ल्युअरचं बोर्डापासूनचं अंतर आणि वेग. वेग मोबाइलच्या जीपीएसवर किलोमीटरमध्ये पाहावा, अंदाजानं चालवू नये.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बोर्ड घरी ठेवा. पाणी लाल गढूळ, वाहून आलेली लाकडं आणि पाचट, आणि हा माशांच्या विणीचा काळ. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, मग खाली भोगावतीचं पाणी बघता बघता चढतं. त्या दिवसांत नदीवर होडी घालायचा प्रश्नच येत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बोर्डांचा खरा मोसम. धरण काठोकाठ, काठावरची झुडपं अर्धी पाण्यात, पाणी निवळत आलेलं. मासा काठाला असतो आणि उथळ पाण्यात बुजतो. 15 ते 20 मीटर अंतर, दोन मीटरपर्यंत बुडणारा तरंगता ल्युअर, वेग ताशी 3 ते 3.5 किलोमीटर. होडी काठापासून तीस मीटर ठेवली, की काठाकडचा बोर्ड झुडपांच्या पाच-सात मीटर जवळून जातो. तरंगता ल्युअर यासाठी, की होडी थांबवावी लागली तर तो वर येतो, बुडालेल्या फांद्यांत रुतत नाही. याच सुमारास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पंचगंगेचं, भोगावतीचं पाणी मागं तुंबून संथ होतं. तिथं पात्र अरुंद, त्यामुळे एकच बोर्ड, तोही होडीपासून दहा मीटरच. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ जाऊ नका, बरग्यांच्या फटींतून ओढ असते.

डिसेंबर-जानेवारीत पाणी नितळ, मासा थोडा खाली आणि सुस्त. अंतर 30 मीटरपर्यंत वाढवा, वेग 2 ते 2.5 वर आणा. खोली हवी म्हणून मोठ्या पात्याचा खोल बुडणारा ल्युअर लावण्याचा मोह होतो. पण त्याची ओढ छोट्या बोर्डाला झेपत नाही, तो मागं खेचला जाऊन होडीच्या सरळ मागं येतो. त्यापेक्षा 15 मीटर सोडून तंगुसाला 20-30 ग्रॅमचं चिमट्याचं वजन लावा आणि पुढं आणखी 15 मीटर सोडून मग बोर्ड. मासा आणताना आधी बोर्ड, मग वजन काढावं लागतं, एवढाच व्याप.

मार्चपासून पाणी उतरतं आणि जुनी खोडं, बांध, विहिरींचे कठडे पाण्याच्या वरच्या थराजवळ येऊ लागतात. बोर्ड नेमके त्यांच्यावरून जातात, कारण ते होडीच्या वाटेबाहेर असतात. तुमचा फिश फाइंडर होडीखालचं दाखवतो, बोर्डाखालचं नाही. म्हणून आधी बोर्डाशिवाय एक फेरी मारून त्या पट्ट्याचा तळ पाहून घ्या. उन्हाळ्यात वेग 4 ते 4.5 चालतो, पहाटे आणि सांजवेळी. दुपारच्या वाऱ्यात लाट नाकावर आली की बोर्ड बुडी मारतो. वाऱ्याच्या बाजूनं चाला आणि अंतर कमी करा. एप्रिल-मे महिन्यांत ढग काळवंडले, गार वारा सुटला, की बोर्ड ताबडतोब गोळा करा. वळीव वाट बघत नाही, आणि बाहेर पंचवीस मीटरवर असलेले दोन बोर्ड आत घ्यायला दहा मिनिटं जातात.

वळण घेताना आतला बोर्ड जवळजवळ थांबतो आणि बाहेरचा पळतो. निदान तीस मीटर त्रिज्येचं मोठं वळण घ्या, नाहीतर आतला तंगूस सैल पडून चिमट्यातून निसटतो. वळणातून एक माहितीही मिळते. आतल्या बोर्डाला मासा लागला तर त्या दिवशी त्याला हळू चाल हवी आहे. बाहेरच्याला लागला तर वेग वाढवून बघा.

मासा लागला की बोर्ड हिसका खाऊन मागं पडतो किंवा नाक वर करून तसाच ओढला जातो. पालापाचोळा अडकला तर हिसका नसतो, बोर्ड सावकाश, एकसारखा मागं सरकत राहतो. छोटा मासा मात्र काहीच कळू देत नाही. त्यासाठी स्प्रिंगवर झुकणाऱ्या झेंड्याचं किट वेगळं मिळतं, ते घेण्याजोगं आहे. ल्युअर ओढताना झेंडा उभा राहील आणि जराशी जास्त ओढ आली की झुकेल, इतकीच स्प्रिंग ताणायची.

आणताना होडी बंद करू नका, फक्त हळू करा. तंगूस एक क्षणही सैल पडता कामा नये. बोर्ड हाताशी आला की एकानं रॉड वर धरायचा, दुसऱ्यानं आधी पुढचा आणि मग मागचा चिमटा उघडायचा. एकट्यानं हे जमवणं अवघड, म्हणून होडीत दोघं हवेत. महशीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडावा, त्यासाठी ल्युअरला तिहेरी गळाऐवजी काटा दाबलेले एकेरी गळ लावून ठेवा. शिवडा मासा लागला तर मात्र हात लावताना सांभाळा, दातांची रांग बारीक आणि धारदार असते.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण बोर्डात नाहीच, जाळ्यांत आहे. दोन बोर्ड लावले की तुमची वाट चाळीस-पन्नास मीटर रुंद होते. संध्याकाळी टाकलेली जाळी पहाटेपर्यंत पाण्यात असतात आणि त्यांच्या खुणा म्हणजे थर्मोकोलचे तुकडे, नाहीतर प्लास्टिकच्या बाटल्या. बोर्ड जाळ्यात गेला तर ते जाळं कोणाचं तरी पोट आहे. जिथं मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडं आहे, तिथं परवानगी घ्या आणि जाळी कुठं आहेत तेही तिथंच विचारा. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या फुगवट्याचे पट्टे अभयारण्याच्या हद्दीत येतात, तिथं वन खात्याला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. रंकाळ्यावर बोर्डाचा उपयोग नाही. पुरात कामाला येणारी गुळाची काहील ट्रोलिंगला घेऊ नका. तळ गोल, दिशा धरत नाही, जागेवर गिरक्या घेते आणि दोन्ही बोर्ड एकमेकांवर येतात.

विकतचं महाग वाटत असेल तर बोर्ड घरी करता येतो, चिमटे मात्र विकतच घ्या. कपड्यांच्या चिमट्यांत तंगूस टिकत नाही. फ्लेक्स-बोर्डवाल्याकडं 10 मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमची कडक शीट, मिळतो. दोन तुकडे इपॉक्सीनं चिकटवून 28 सेंटिमीटर लांब, 9 रुंद, 2 जाड अशी फळी करा. नाक 45 अंशांत कापा, लांब टोक होडीपासून लांबच्या अंगाला. दांडी नाकापासून साधारण एक तृतीयांशावर, होडीकडच्या अंगाला. खालच्या कडेला लोखंडी पट्टी, 60-70 ग्रॅमपासून सुरुवात करून टबात पाहात वाढवा. आडवा पाडला तरी बोर्ड आपोआप उभा राहिला पाहिजे आणि वरचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर दिसला पाहिजे. शिसं वापरू नका. काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापूरकरांच्या नळाला येतं, आणि तुटलेलं वजन तळाशीच राहतं.

विकत घेताना जोडीबरोबर गाद्यांचा एक जादा संच आणि खिळीचे दोन जादा चिमटे मागवा. घरी आल्यावर बोर्ड गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा आणि चिमटे उघडे ठेवून, गाद्यांमध्ये कागदाची घडी घालून ठेवा. पावसाळ्याचे चार महिने दाबलेल्या राहिल्या तर गाद्यांना खाच पडते आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच फेरीत तंगूस त्या खाचेतून निसटतो.