जुनी पद्मिनी की नवी छोटी गाडी? अपघात-सुरक्षेच्या कसोटीवर तुलना

कोल्हापुरात जुन्या गाड्यांवर जीव असणारी माणसे पुष्कळ आहेत. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक पाहण्यासाठी लोक आवर्जून थांबतात, आणि आजोबांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसिडर ताडपत्रीखाली जपून ठेवलेली घरेही शहरात कमी नाहीत. अशा घरात एक प्रश्न हमखास निघतो : हाताशी असलेले पैसे जुनी गाडी नीट करून ती रोजच्या वापरात आणण्यासाठी घालावेत, की नव्या छोट्या गाडीसाठी? जुन्या गाडीच्या बाजूने बोलणारा बोनेटवर टिचकी मारून सांगतो की, असला पत्रा आता मिळत नाही आणि आजच्या गाड्या हात टेकला तरी चेपतात. त्याचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. या लेखात किंमत, मायलेज, दिसणे हे सारे बाजूला ठेवून एकाच कसोटीवर दोन्ही पर्याय तपासले आहेत, ती म्हणजे धडक झाल्यावर आतल्या माणसाचे काय होते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, जवळपास तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे होय. एवढा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर शरीराला बसणारा धक्का ठरतो. माणूस २० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५० पट जोर येतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला जवळजवळ साडेतीन टनांचा भार सोसावा लागतो. हेच थांबणे ६० सेंटिमीटरमध्ये झाले, तर तो जोर सुमारे १६ पटींवर, म्हणजे सव्वा टनाच्याही खाली येतो. दोन्ही वेळा वेग तोच आहे आणि माणूसही तोच. जगणे आणि न जगणे यांतला फरक या ४० सेंटिमीटरमध्ये आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळतो तो हे अंतर मिळवून देण्यासाठीच. त्याला कमकुवतपणा म्हणणे म्हणजे त्याचे मूळ कामच नाकारणे होय.

ही कल्पना मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी यांची. पुढचा आणि मागचा भाग मोडू द्यायचा आणि मधली माणसे बसण्याची जागा मात्र अभेद्य ठेवायची, या विचाराचे पेटंट त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळवले, आणि १९५९ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या सेडान गाडीत ही रचना प्रत्यक्षात उतरली. पद्मिनीचे मूळ असलेली फियाट ११०० आणि अँबेसिडरचे मूळ असलेली मॉरिस ऑक्सफर्ड या दोन्ही गाड्या त्याआधी आखलेल्या आहेत. त्यांच्यात कोणता भाग आधी मोडावा आणि कोणता शेवटपर्यंत टिकावा, याचा असा हिशेब केलेला नव्हता. त्यामुळे जोराच्या धडकेत बोनेट, दाराची चौकट आणि डॅशबोर्ड यांपैकी जे आधी हार मानेल ते आत येते. आधुनिक गाडीत छताला आधार देणारे खांब आणि दारांखालचे पट्टे अतिउच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत धातूचे काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही की, ताकद केवळ जाडीवर ठरत नाही; ती धातूच्या ग्रेडवर आणि त्यावर केलेल्या उष्णता-प्रक्रियेवरही ठरते. जुना पत्रा जाड आहे, पण तो मऊ पोलादाचा आहे.

हा वाद प्रत्यक्ष चाचणीनेही मिटला आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, पण नाकाची एकच बाजू भिडेल अशा रीतीने आदळवल्या. वजनाने त्या साधारण सारख्याच होत्या, आणि दिसायला बेल एअर कितीतरी अधिक भक्कम होती. धडकेत बेल एअरची बसण्याची जागाच कोसळली, स्टिअरिंग मागे आणि वर सरकले, आणि चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या नोंदी जीवघेण्या दुखापतींकडे बोट दाखवणाऱ्या निघाल्या. मालिबूचे नाक पार चुरगळले, तरी तिच्या चालकाची जागा शाबूत राहिली आणि पायाच्या किरकोळ दुखापतीपलीकडे फारसे काही होण्याची शक्यता दिसली नाही. बेल एअरची इंग्रजी X आकाराची चासी (गाडीचा तळाचा सांगाडा) मुळातच दुबळी होती, असा आक्षेप जुन्या गाड्यांच्या चाहत्यांनी घेतला, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दुसरी कोणती तरी जुनी गाडी मालिबूइतकी टिकली असती, असे त्या आक्षेपातून सिद्ध होत नाही.

आता बॉडीवरून नजर काढून आत बसून पाहू. पद्मिनीच्या चालकाच्या सीटवर बसल्यावर छातीसमोर जे चाक येते, त्याच्यामागे एक सरळ, कडक दांडा पुढच्या चाकांच्या दिशेने गेलेला असतो. समोरून धडक बसली की, तो मागे ढकलला जातो आणि भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येतो. आजच्या गाडीत हाच दांडा जोडांचा आणि घडी होऊन आखूड होणारा असतो. पद्मिनीचा डॅशबोर्ड रंगवलेल्या पत्र्याचा आहे, त्यावर गुडघा किंवा कपाळ आदळले, तरी तो जराही दबत नाही. पुढची सीट सलग बाकड्यासारखी असून तिला डोक्यामागे आधार नाही, त्यामुळे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कोणी ठोकले, तरी मानेला जोराचा हिसका बसतो. बहुतेक जुन्या गाड्यांत सीटबेल्ट एक तर मुळीच नाहीत, किंवा नंतर कोणी तरी बसवलेले आहेत.

सीटबेल्टचे महत्त्व मी या संपूर्ण तुलनेत सर्वांत वर ठेवतो. खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वोचे अभियंता नील्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले. गाडीचा पुढचा भाग चुरगळून जे अंतर मिळवतो, त्याचा लाभ माणसाला हवा असेल, तर माणूस गाडीशी बांधलेला असला पाहिजे. नाहीतर गाडी थांबते आणि माणूस मूळ वेगानेच पुढे जाऊन आदळतो. एअरबॅग हा बेल्टचा पूरक आहे, पर्याय नव्हे. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते, आणि बेल्ट न लावलेला माणूस त्या वेळी तिच्यावर झेपावत असेल, तर तीच इजा करू शकते. हा नियम मागच्या सीटलाही तितकाच लागू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा गाडी आधुनिक आणि महागडी होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि त्या दोघांचाच मृत्यू झाला.

ब्रेकविषयी थोडक्यात सांगतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ते तापतात आणि पकड सैल होते, हे जुन्या चालकांना ठाऊक आहे, म्हणूनच ते गिअरवर गाडी उतरवत. नव्या गाडीत पुढे डिस्क ब्रेक असतात आणि एबीएसमुळे, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, पावसात जोराचा ब्रेक लावूनही स्टिअरिंग हातात राहते. जुन्या गाडीची जमेची बाजूही आहे. तिचे काचांमधले खांब बारीक असल्याने वळणावर समोरचे स्पष्ट दिसते, तर आजच्या जाड खांबांआड दुचाकीस्वार सहज लपतो. शिवाय जुनी गाडी सहसा सावकाश चालवली जाते, आणि कमी वेग हीसुद्धा एक सुरक्षाच आहे. मात्र पुणे-बंगळूर महामार्गावर समोरच्या वाहनाचा वेग तुमच्या हातात नसतो, आणि गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा तुमच्या सावकाशीलाही मर्यादा पडतात.

जुनी गाडी ठेवायचीच असेल, तर कायदाही पाहावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ती १० वर्षांसाठी असते आणि पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी या व्याख्येत बसतच नाही. तिला सामान्य गाडीप्रमाणे नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते.

अशा गाडीत तीन बिंदूंचे बेल्ट जरूर बसवावेत, पण ते बसवताना बोल्ट नुसत्या पत्र्यात अडकवू नये. दारांमधल्या खांबाला आणि तळाला आतून जाड पट्टी देऊन मगच तो आवळला पाहिजे, कारण धडकेत बेल्टवर टनांत मोजावा असा ताण येतो आणि गंजलेला पत्रा कागदासारखा फाटतो. एअरबॅग मात्र नंतर बसवण्याची गोष्ट नाही. ती कधी फुगवायची हे त्या विशिष्ट मॉडेलच्या धडक-चाचण्यांवरून ठरवलेले असते. बाकी सुधारणांपैकी चांगले टायर आणि मागचे ठळक दिवे हे स्वस्त आणि खरोखर उपयोगी आहेत.

दुसऱ्या पर्यायाचा विचार करताना ‘नवी’ या शब्दावर थांबले पाहिजे, कारण पैशांच्या हिशेबात बहुतेक घरे प्रत्यक्षात दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीवर येऊन ठेपतात. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या, गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेसाठी शून्य ते पाच तारे देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. यातली पोलो विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे : तिचा सांगाडा चाचणीत टिकला होता, पण त्या आवृत्तीत एअरबॅग नव्हत्या, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे भक्कम सांगाडा आणि माणसाला धरून ठेवणारी साधने, ही दोन्ही एकत्र असावी लागतात.

त्यानंतर आपल्याकडचे नियम झपाट्याने बदलले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना समोरून ताशी ५६ आणि बाजूने ताशी ५० किलोमीटरची धडक-चाचणी पार करणे बंधनकारक झाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग आणि जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सर्व मोटारींत सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन पद्धत सुरू झाली. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा : रोजच्या वापरासाठी आणि घरच्यांना घेऊन लांब जाण्यासाठी २०१९ च्या ऑक्टोबरनंतर बनलेली गाडी घ्यावी, दोन एअरबॅग हव्यात म्हणून शक्यतो २०२२ नंतरची घ्यावी, आणि आरसी बुकातला उत्पादनाचा महिना स्वतः वाचावा. पद्मिनी ठेवण्यास माझा मुळीच विरोध नाही. रविवारी सकाळी रंकाळ्यापर्यंत तिची फेरी व्हावी, पण मुलांना मागे बसवून तिने पुण्याला निघू नये.

वापरलेली गाडी पाहताना दोन-तीन गोष्टी तिथेच तपासता येतात. पुढे जाड लोखंडी गार्ड बसवलेला असेल, तर तो काढण्यास सांगावे. तो धडकेचा जोर चुरगळणाऱ्या भागाला टाळून थेट सांगाड्यात नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही चकवू शकतो. बेल्टच्या खाचेत आवाज बंद करण्याची नुसती क्लिप खोचलेली दिसली, तर आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली असेल, याचा अंदाज येतो. आणि कोल्हापुरात एक प्रश्न विचारलाच पाहिजे : २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये ही गाडी पुराच्या पाण्यात होती का? एअरबॅगचा नियंत्रक बहुतेक गाड्यांत दोन सीटांमध्ये, तळाशी असतो, आणि गढूळ पाणी कार्पेटच्या वर आले की, त्याच्या जोडण्या गंजतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. तो मुळी लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी कोणी तरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.