लोगोसाठी गिंप की इंकस्केप?

मामेबहिणीला पोळी-भाजी केंद्रासाठी लोगो हवाय: लाटणं, खाली गोल पोळी. गिंप हे फोटो सुधारायचं, तर इंकस्केप रेषा-आकारांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

खरा फरक मोठं करताना दिसतो. गिंपमधला ५०० पिक्सेलचा लोगो दहा फुटी फ्लेक्सवर ताणला की पोळीची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. इंकस्केपच्या एसव्हीजीत (पिक्सेलच्या ठिपक्यांऐवजी रेषा-आकार साठवणाऱ्या फाइलीत) कड गुळगुळीतच राहते. फ्लेक्सवाले बहुधा कोरलची (कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल मागतात. त्याऐवजी पीडीएफ द्या, पण अक्षरं आधी पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) बदला, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

शिकायला? इंकस्केपचे नोड (कड वाकवायचे बिंदू) वैताग आणतात खरे, पण पोळीचं वर्तुळ आणि लाटण्याचा गोल कोपऱ्यांचा आयत यांना ते लागतातच कुठे!

नुसता व्हॉट्सॲप डीपी किंवा डब्याच्या फोटोवर लोगो चिकटवायचा असेल तर गिंप पुरे. पाटी, पिशवी, शिक्का करायचा तर इंकस्केपच.