लिनक्सवरची हार्डन्ड रिपॉझिटरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

रॅन्समवेअरवाले खंडणीसाठी फाइली लॉक करायच्या आधी बॅकअप शोधतात. विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती) एका कमांडने उडतात आणि डोमेन ॲडमिनचा (ऑफिसच्या अख्ख्या नेटवर्कच्या व्यवस्थापकाचा) पासवर्ड हाती लागला की नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवरचं) शेअर्ड फोल्डरही रिकामं होतं. म्हणून वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची हार्डन्ड रिपॉझिटरी, म्हणजे ठरलेली मुदत संपेपर्यंत बॅकअप पुसता येत नाहीत अशी लिनक्सवरची जागा. ही सोय २०२१ मध्ये आवृत्ती ११ सोबत आली. काही महिने रोज चालवल्यानंतरचं मत असं: फाइलींवरचं कुलूप पक्कं आहे, पण कुलपाच्या आजूबाजूची भिंत आपल्यालाच बांधावी लागते.

बॅकअपची फाइल लिहून झाली की रूट (लिनक्समधल्या सर्वोच्च) अधिकाराने चालणारी एक छोटी सर्व्हिस तिच्यावर लिनक्सचं इम्युटेबल ॲट्रिब्यूट (बदलता-पुसता न येण्याची खूण) लावते. डेटाची ने-आण करणारी सर्व्हिस मात्र साध्या युजरखाली चालते. त्यामुळे बॅकअप सर्व्हर (वीम चालवणारं मशीन) पूर्ण ताब्यात गेला तरी तिथून डिलीट चालत नाही. रिपॉझिटरी त्या सर्व्हरला जोडताना ‘एकदाच वापरायचे’ क्रेडेन्शियल (लॉगिनचा तपशील) निवडा, म्हणजे पासवर्ड सर्व्हरवर साठवला जात नाही. जोडणी झाली की त्या युजरचे सुडो (रूटसारखे) अधिकार काढा आणि एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) बंद करा. यापुढे लिनक्सचे अपडेट कन्सोलवर बसून करावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण इथे पळवाट ठेवू नये.

बॅकअप सर्व्हरही डोमेनच्या बाहेरच हवा आणि त्याचे पॅच वेळेवर हवेत. सीव्हीई-२०२४-४०७११ या त्रुटीतून लॉगिनशिवाय वीमच्या सर्व्हरवर कोड चालवता येत होता आणि रॅन्समवेअर टोळ्यांनी ती वापरलीही.

जॉबचा, म्हणजे ठरवून दिलेल्या बॅकअपच्या कामाचा, प्रकार बघून घ्या. फुल म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, इन्क्रिमेंटल म्हणजे फक्त बदललेला भाग, आणि दोन्ही मिळून साखळी. रिव्हर्स इन्क्रिमेंटल (दर वेळी तेच फुल ताजं करणारा प्रकार) किंवा कधीच नवा फुल न घेणारी साखळी इथे चालत नाही, कारण दोन्हींत जुन्या फुल फाइलमध्ये पुन्हा लिहावं लागतं. रोज इन्क्रिमेंटल आणि आठवड्यातून एक सिंथेटिक फुल (आधीच्या बॅकअप फाइलींतूनच जोडलेलं), हे सरळ पडतं. साखळीची नोंद ठेवणारी व्हीबीएम फाइल लॉक होत नाही, ती दर वेळी बदलते. कोणी ती पुसली तरी घाबरू नका, फुलची व्हीबीके फाइल थेट इम्पोर्ट करता येते.

कुलपाची मुदत किमान ७ दिवस ठेवता येते, पण ७ दिवस म्हणजे स्वतःची समजूत घालणं. हल्लेखोर आत शिरल्यावर कित्येकदा आठवडे गप्प बसतात. ३० दिवस ठेवा, मात्र जागेचा हिशेब आधी करा. समजा फुल ४ टीबी आणि रोजचा बदल २०० जीबी. साखळीतल्या शेवटच्या इन्क्रिमेंटलची मुदत संपेपर्यंत तिचं फुलही अडकून राहतं, म्हणून ३० नव्हे, साधारण ३७ दिवसांचे बदल धरायचे. ते झाले ७.४ टीबी, फुल मिळून ११.४. हे तेव्हाच, जेव्हा एक्सएफएस ही लिनक्सची फाइल सिस्टीम फॉरमॅट करताना रिफ्लिंक (तेच ब्लॉक पुन्हा न लिहिता दोन फाइलींत वापरायची सोय) चालू आणि ब्लॉक ४ केबीचा असेल आणि रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये फास्ट क्लोनिंगवर टिक असेल. नसेल तर दर आठवड्याचं फुल आणखी ४ टीबी खातं.

यावर आणखी ४ टीबी मोकळे ठेवा. मशीनमधला सगळा डेटा एन्क्रिप्ट झाला की त्या रात्रीचं इन्क्रिमेंटल फुलइतकं फुगतं आणि कॉम्प्रेसही होत नाही. डिस्क भरली तर जुनं काही पुसून जागा करता येत नाही, जॉब नुसते फेल होत राहतात. २०० जीबीचं इन्क्रिमेंटल अचानक दीड-दोन टीबी झालं की सूचना यावी अशी व्यवस्था करा. इतकी स्वस्त धोक्याची घंटा दुसरी नाही.

भिंतीतली भगदाडं अशी. रिपॉझिटरी व्हर्च्युअल मशीनवर ठेवली तर हायपरवायझरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) ॲडमिन तिची अख्खी डिस्कच उडवू शकतो. सॅनवर (अनेक सर्व्हरच्या सामायिक स्टोरेजवर) ठेवली तर तेच काम स्टोरेजच्या कन्सोलमधून होतं. म्हणून स्वतःच्या डिस्क असलेला भौतिक सर्व्हरच घ्या. त्याच्या रिमोट मॅनेजमेंट पोर्टची केबल काढून ठेवा, नाहीतर नेटवर्कवरून सर्व्हर रीबूट करून रेड (एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच) पुसता येतं. आणि घड्याळ! मुदत घड्याळावरच मोजली जाते, त्यामुळे वेळ डोमेन कंट्रोलरकडून (नेटवर्कचे लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) घेऊ नका.

रिस्टोअरबद्दल अपेक्षा खाली आणा. १ जीबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला ११० एमबी मिळाले तरी ४ टीबीला दहा तास लागतात. क्लोन केलेल्या फुलचे ब्लॉक डिस्कभर विखुरलेले असतात, त्यामुळे फिरत्या डिस्कवर वेग त्याहूनही पडू शकतो. महिन्यातून एकदा डोमेन कंट्रोलर आणि मुख्य डेटाबेस, दोन्ही एकत्र, वेगळ्या नेटवर्कवर उभे करून बघा. ‘जॉब सक्सेस’ हिरवं दिसणं वेगळं आणि सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन होऊन नोंदी दिसणं वेगळं.

चोरलेला डेटा जाहीर करण्याच्या धमकीवर याचा काही उपयोग नाही. शिवाय लॉक केलेली फाइल पुसता येत नसली तरी कॉपी करता येते, म्हणून बॅकअपला एन्क्रिप्शन लावाच. त्याचा पासवर्ड कागदावर, तिजोरीत. सर्व्हरवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलात तर तोही त्याच दिवशी लॉक होईल. आग किंवा चोरीसाठी दुसरी प्रत क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉकसह (मुदतीपर्यंत पुसू न देणाऱ्या तिथल्या कुलपासह) ठेवायची असेल तर कंप्लायन्स मोड निवडा, कारण गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेला युजर मुदतीआधीही पुसू शकतो. पण कंप्लायन्समध्ये दिवस चुकून जास्त टाकले तर तेवढ्या काळाचं बिल भरावंच लागतं, म्हणून चाचणी एका दिवसाच्या मुदतीवर करा.