प्रोडान, नाईल रेड की एएनएस?

हे तिन्ही फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे प्रकाश दिला की स्वतः चमकणारे आणि भोवतालानुसार चमक बदलणारे रंग. मायसेल (साबणासारख्या रेणूंचा पाण्यातला गोळा), लिपिडचा पडदा किंवा प्रथिनातली खोबण आतून किती ध्रुवीय आहे हे पाहायचं ठरलं, की प्रयोगशाळेत हात आधी नाईल रेडकडे जातो. कपाटात बाटली असतेच, शिवाय रंगही झकास दिसतात. पण ध्रुवीयतेचा आकडा हवा असेल तर मी प्रोडान घ्यायला सांगेन.

प्रोडान 1979 मध्ये ग्रेगोरिओ वेबर आणि फे फॅरिस यांनी मुद्दाम याच कामासाठी बनवला. नॅफ्थलीनच्या एका टोकाला डायमिथाइलअमिनो, दुसऱ्या टोकाला कार्बोनिल. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉनची घनता अमिनोकडून कार्बोनिलकडे सरकते आणि रेणूचा द्विध्रुव (धन आणि ऋण टोकांतली तफावत) वाढतो. साध्या पातळ सॉल्व्हंटचे रेणू काही पिकोसेकंदांत त्याच्याभोवती वळून बसतात. प्रोबला प्रकाश सोडायला मात्र नॅनोसेकंद लागतात. तोवर उत्तेजित रेणूची ऊर्जा खाली उतरलेली असते आणि तरंगलांबी वाढते. सायक्लोहेक्झेन या अध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये उजेडाचं पीक (शिखर) 401 नॅनोमीटरला, पाण्यात थेट 531 ला. शोषण मात्र 342 वरून जेमतेम 364 पर्यंत जातं, म्हणून 350 च्या आसपास एकच एक्सायटेशन, म्हणजे प्रोबला चमकवणारा प्रकाश, ठेवून सगळे नमुने मोजता येतात.

नाईल रेड इथेच अडतो. त्याचं शोषणच हेप्टेनमधल्या साधारण 485 पासून पाण्यातल्या 590 पर्यंत घसरतं. एकाच एक्सायटेशनवर मोजलं तर उजेड कमी-जास्त झाला तो सॉल्व्हंटमुळे की शोषणच हुकल्यामुळे, हे कळत नाही. त्यातून तो पाण्यात नीट विरघळत नाही, आणि जो विरघळतो तो 660 च्या आसपास मिणमिणतो. मिश्र नमुन्यात तेलकट भागच बोलतो, पाणी गप्प बसतं.

क्युव्हेटमधली (नमुना मोजायच्या पारदर्शक डबीतली) हीच खोड मायक्रोस्कोपखाली वरदान ठरते. पेशीतले चरबीचे थेंब उजळतात, भोवती अंधार राहतो. 1985 पासून तो त्यासाठीच वापरात आहे, आणि अलीकडे फिल्टरवरचे मायक्रोप्लास्टिकचे कण शोधायलाही. निळ्या-हिरव्या प्रकाशावर काम होतं, त्यामुळे पेशीत मुळातच असलेल्या एनएडीएच या रेणूचा स्वतःचा उजेड मध्ये येत नाही. प्रोडानला अतिनील प्रकाश लागतो आणि एनएडीएच नेमका तिथेच चमकतो. तेव्हा पेशींची चित्रं हवी असतील तर माझा सल्ला उलटा: नाईल रेड घ्या, प्रोडानच्या भानगडीत पडू नका.

पडद्यांचं काम असेल तर प्रोडानचा थोरला भाऊ लॉरडान बरा. प्रोडानचं शेपूट आखूड, तो पाण्यात निसटतो. लॉरडान 12 कार्बनच्या साखळीने पडद्यात रुतून बसतो. घट्ट जेल अवस्थेत 440, सैल अवस्थेत 490. दोन्ही तीव्रतांतला फरक भागिले बेरीज, की झाला आकडा.

एएनएस प्रथिनवाल्यांचा. पाण्यात त्याची क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत सोडले ते प्रमाण) 0.004 एवढीच, अपोमायोग्लोबिन या प्रथिनाच्या खोबणीत शिरला की 0.98. दिवा लागावा तसा फरक. पण रेणूवर सल्फोनेटचा ऋण भार आहे. धन भाराच्या अमिनो आम्लांशी तो भारामुळेही चिकटतो. उजेड वाढला म्हणजे खोबण तेलकटच, असं लगेच लिहू नका. फक्त सीएमसी (मायसेल बनायला लागतात ती किमान संहती) काढायची असेल तर या तिघांऐवजी पायरीन हा प्रोब घ्या आणि त्याच्या पहिल्या-तिसऱ्या पीकचं गुणोत्तर बघा; यंत्राची स्लिट (प्रकाशाची फट) अरुंद हवी, नाहीतर गुणोत्तर बिघडतं.

प्रोडान घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. 350 वर एक्सायटेशन दिलं की पाण्याचं स्वतःचं रामन पीक (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचं) 397 च्या आसपास उगवतं. प्रोब कमी असलेल्या नमुन्यात ते ‘अध्रुवीय प्रोडान’ म्हणून खपून जाऊ शकतं. एक्सायटेशन 10 नॅनोमीटर हलवा. पीकही सोबत सरकलं तर ते रामन. दुसरं, कॅलिब्रेशन. लिपर्ट-मतागाच्या आलेखात (सॉल्व्हंटच्या ध्रुवीयतेसमोर शोषण आणि उत्सर्जन यांतला फरक मांडणाऱ्या) पाणी आणि अल्कोहोलं सरळ रेषेत बसत नाहीत, कारण ती कार्बोनिलशी हायड्रोजन बंध करतात. त्यांचे बिंदू वेगळे काढा, आणि सायक्लोहेक्झेनची बाटली कोरडी आणि शुद्ध आहे ना ते आधी बघा: अल्कोहोलचा थोडासा अंशही पीक लालीकडे ओढतो.